नांगर सुटला, गाव राहिले
(द्वितीय वर्ष, कला)

अर्थशास्त्राच्या तासाला एक दिवस सरांनी फळ्याच्या मधोमध खडूने उभी रेघ ओढली. डाव्या बाजूला लिहिले 'मादेर', उजव्या बाजूला 'सेसाक'. फ्रान्समधली दोन खेडी, एवढेच सांगितले आणि खाली आकडे मांडत गेले. मादेरची लोकसंख्या ५३४, सेसाकची ६७०. मादेरला कामकरी माणसे २७९, त्यांतली २०८ शेतीवर. सेसाकला कामकरी २१५ आणि शेतीवर अवघी ५३. ट्रॅक्टर इकडे २, तिकडे ४०. मोटारी इकडे ५, तिकडे २८० च्या आसपास. फ्रीज ५ आणि २१०. टेलिफोन ५ आणि ११०. वॉशिंग मशीन इकडे एकही नाही, तिकडे १८०. फळा भरला तसे सर वळले आणि म्हणाले, "सांगा, यांतल्या कोणत्या गावात राहायला आवडेल?"

वर्गातले जवळजवळ सगळे हात सेसाकसाठी वर गेले. मागच्या बाकावरून कुणीतरी "सर, एस. टी. जाते का तिथे?" असे विचारून हशाही मिळवला. मग सरांनी गुपित फोडले. मादेर आणि सेसाक ही दोन गावे नाहीतच. ते एकच गाव आहे आणि त्याचे खरे नाव दुएल. डावीकडचे आकडे १९४६ चे, उजवीकडचे १९७५ चे. झाँ फुरास्तिए नावाच्या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने १९७९ साली लिहिलेल्या पुस्तकाची सुरुवात या युक्तीने केली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीस वर्षांना त्याने 'वैभवाची तीस वर्षे' म्हटले आणि हे नाव पुढे फ्रान्सच्या इतिहासालाच चिकटून बसले. दुएल हे त्याच्या वाडवडिलांचे गाव. १९९० साली त्याने देह ठेवला तोही तिथेच.

मी हात वर केला नव्हता. मादेर आवडले म्हणून नव्हे. माझी नजर त्या २०८ आणि ५३ वर खिळली होती. तीस वर्षांत १५५ नांगरधारी कमी झाले आणि तरी गावात १३६ माणसे वाढली! हे कसे झाले, हा विचार तास संपला तरी डोक्यातून जाईना. कारण आमच्या घरी हाच हिशेब रोज संध्याकाळी निघतो, फक्त त्यात आकडे नसतात. दादा जेवता जेवता म्हणतात, "शीक बाई, शीक. पण शिकल्यावर हितं करशील काय?" ते टोमणा मारत नाहीत, खरोखरच विचारतात. मी घरातून कॉलेजात आलेली पहिली, त्यामुळे या प्रश्नाचे तयार उत्तर आमच्यात कुणापाशीच नाही.

वक्तृत्व स्पर्धेत मात्र याची दोन तयार उत्तरे असतात. एक 'खेड्याकडे चला' आणि दुसरे 'खेडी ओस पडत आहेत'. दोन्ही भाषणांचा सूर एकच: नांगर म्हणजेच गाव, नांगर सुटला की गाव मेले. मला याच विषयावर दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस मिळालेले आहे. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते मी मलाही ऐकवते आहे.

आधी हे दुएल कसे आहे ते सांगते. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात केर्सी नावाचा जुना प्रांत आहे. वर चुनखडीचे कोरडे पठार. पावसाचे पाणी दगडातून झिरपून जाते, वर राहतात ठेंगणी ओकची झाडे, काटेरी झुडपे, मेंढरे आणि चुन्याशिवाय रचलेल्या दगडी ताली. हे पठार कापत लोत नावाची नदी नागमोडी वळणे घेत जाते आणि प्रत्येक वळणाच्या पोटात गाळाची सुपीक जमीन टाकते. या गाळाच्या जमिनीत द्राक्षमळे, तंबाखू, मका, अक्रोड. दुएल या नदीच्या काठी आहे. या शब्दाचा फ्रेंचमध्ये अर्थ पिंपाची फळी असा होतो, आणि दारूची पिंपे हाच या खोऱ्याचा जुना व्यवहार. इथली वाइन इतकी गडद की तिला 'काळी' म्हणत. जुनी घरे फिकट पिवळसर दगडाची. खाली पिंपांचे तळघर, बाहेरून दगडी जिना आणि वर माणसे. आमच्याकडे खाली माणसे आणि माळ्यावर कणग्या. तिकडे नेमके उलट.

१९४६ मध्ये या गावात बैलांवर आणि पुष्कळदा गाईंवरही नांगर चाले. जेवण म्हणजे चुलाणावरच्या मोठ्या भांड्यातले सूप: भाज्या, चरबी आणि तळाशी शिळ्या पावाचे तुकडे. सूप संपत आले की उरलेल्या रश्शात तांबडी वाइन ओतायची, वाडगा गोल फिरवायचा आणि तोंडाला लावून प्यायचा. याला ते 'शाब्रो' म्हणतात. (ताटात पाणी ओतून ते पिणारे माझे आजोबा इथे असते तर त्यांना ही माणसे आपलीच वाटली असती.) हिवाळ्यात डुक्कर मारायचे आणि त्याची चरबी वर्षभर पुरवायची. बदकांना आणि हंसांना मका भरवून पुष्ट करायचे; हे काम बायकांचे. फुरास्तिए सांगतो की खाटकाकडचे मांस आठवड्यातून एकदाच मिळे आणि घरखर्चाचा तीन-चतुर्थांश भाग निव्वळ पोट भरण्यात जाई. म्हणजे ज्या गावात चारांतली तीन माणसे अन्न पिकवत होती, तिथेच माणसाची सगळी मिळकत अन्नात संपत होती!

आता त्या वॉशिंग मशीनच्या आकड्याकडे येते. फळ्यावर तो शेवटी होता, मी तो पहिला घातला असता.

फ्रान्समधल्या जुन्या खेड्यांत गावकीचा धुण्याचा हौद असे. दगडी बांधलेला, कडेला उतरत्या शिळा, कधी वर छप्पर. बायका गुडघ्यांवर बसून धुणे बडवत. चादरींचे मोठे धुणे काढायचे तर दिवसचे दिवस जात: राखेच्या पाण्यात भिजवणे, उकळणे, हौदावर नेणे, पिळणे, वाळत घालणे. आज हे हौद सहलीला आलेल्यांना दाखवतात, त्यांवर फुलांच्या कुंड्या ठेवतात, आणि 'इथे गावचे सुखदुःख बोलले जाई' असे सांगतात. बोलले जात असेलच. आपल्या कवितांतही पाणवठा आला की सख्यांचे हितगुज येते आणि घागरीवर ऊन चमकते. जानेवारीतल्या थंडगार पाण्यात बुडालेल्या मनगटाविषयी मात्र फारसे कुणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. माझ्या आईच्या बोटांची पेरे सोडा आणि थंडी यांनी कायमची जाड झाली आहेत. जुने खेडे गेले म्हणून हळहळणारा लेखक भेटला तर मी त्याला एकच विचारीन: तुमचे कपडे कोण धूत होते?

१९४६ मध्ये दुएलमध्ये १८० मशीन सोडाच, एकही नव्हते. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १९४५ च्या एप्रिलमध्ये, फ्रान्समधल्या बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा मतदान केले, तेही गावपंचायतींच्या निवडणुकीत. क्रांती १७८९ ची, बाईचे मत १९४५ चे! आमच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात क्रांतीवर मोठे प्रकरण आहे, या दुसऱ्या गोष्टीवर एक ओळ आहे.

तर मग ते १५५ जण गेले कुठे? भाषणातले उत्तर असे की यंत्र आले, शेतकरी देशोधडीला लागला. पण लोत जिल्ह्याचे जुने आकडे पाहिले तर हे उत्तर टिकत नाही. १८५० च्या सुमारास त्या जिल्ह्यात जवळजवळ तीन लाख माणसे होती. विसाव्या शतकाच्या मध्याला ती निम्म्यावर आली. म्हणजे निम्मा जिल्हा ट्रॅक्टर येण्याच्या आधीच रिकामा झाला होता! नांगर शाबूत, बैल शाबूत, चूल शाबूत, आणि माणसे मात्र निघून चाललेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फिलॉक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षाची मुळे खाल्ली. १८०४ च्या कायद्याने वारसांत जमिनीच्या समान वाटण्या ठरलेल्या, त्यामुळे तुकडे पडू नयेत म्हणून पोरेच कमी होऊ देण्याकडे घरांचा कल. रेल्वेने पॅरिसची वाट सोपी केली. आणि १९१४ च्या महायुद्धाने फ्रान्सची सुमारे १४ लाख माणसे नेली. खेड्याखेड्यात चौकात स्मारकाचा दगड आहे, त्यावर नावे. लहानशा गावाच्या दगडावरही एकाच आडनावाची दोन-तीन नावे एकाखाली एक सापडतात. ज्याला आपण 'खरे खेडे' म्हणून कवटाळतो, ते आपली माणसे धरून ठेवू शकत नव्हते, ही साधी गोष्ट मला हे वाचेपर्यंत कळली नव्हती.

आता १९४६ नंतरचे पाहा. १९४७ मध्ये जवळच्या पारनाक गावी द्राक्ष उत्पादकांची सहकारी वाइन संस्था निघाली. (आमच्या तालुक्यात साखर कारखान्याचे जे मोल, तसेच काहीसे, फरक इतकाच की तिथे उसाऐवजी द्राक्षे.) १९५६ च्या फेब्रुवारीत अशी थंडी पडली की काओरच्या परिसरातले बहुतेक सगळे वेल जळाले. वडिलांनी लावलेले, आजोबांनी लावलेले, एका महिन्यात गेले. पुष्कळांनी तेव्हाच शेती सोडली. उरलेल्यांनी नव्याने वेल लावले, निवडक जातीचे, आणि १९७१ साली 'काओर' या नावाला सरकारी संरक्षण मिळवले: या हद्दीत, या नियमांनी केलेल्या वाइनलाच ते नाव. म्हणजे शेतकरी कमी झाले, पण जे राहिले त्यांच्या मालाला नाव आले. सरकारनेही हात आखडला नाही. १९६० मध्ये विक्रीला निघालेली जमीन घेऊन ती शेतकऱ्यांनाच देणाऱ्या संस्था काढल्या. १९६२ च्या कायद्याने असे ठरवले की जो म्हातारा शेतकरी आपली जमीन सोडून धडधाकट खातेदाराकडे जाऊ देईल, त्याला तहहयात भत्ता मिळेल. मला या कलमात फार मोठे शहाणपण दिसते. आपल्याकडे म्हातारा शेतकरी जमीन सोडत नाही, कारण जमीन सोडली तर खाणार काय? त्याच्या हातात कसण्याइतकी ताकद नसते आणि पोराच्या हातात सातबारा नसतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, नोकऱ्या. दुएलमध्ये १९४६ साली कचेरी, शाळा, दुकान, पोस्ट, बँक अशा कामांत ३२ माणसे होती. १९७५ मध्ये १०२. कारागीर १२ चे २५ झाले. कामगार २७ चे ३५. जिल्ह्याचे ठिकाण काओर दहा-बारा किलोमीटरवर. सकाळी मोटारीने जायचे, संध्याकाळी परत यायचे. नदीकाठी नवी घरे उठली. शेती सोडलेला माणूस तोच आणि कचेरीत लागलेला माणूस तोच, असे मात्र समजू नये. काही म्हातारे झाले, काही मेले, काहींची पोरे तुलूझला नाहीतर पॅरिसला गेली, आणि बाहेरून काही नवी कुटुंबे आली. हिशेब गुंतागुंतीचा आहे. तरी माझ्या दृष्टीने त्यातून निघते ते एवढे: नांगर सोडणे आणि गाव सोडणे या दोन गोष्टी एक नाहीत. त्यांच्यामध्ये एक रस्ता, एक दवाखाना, एक शाळा, एक टेलिफोनची तार असली तर माणूस पहिली गोष्ट करून दुसरी टाळू शकतो.

इथे कुणी म्हणेल, ही पोरगी फारच भाळली. तसे नाही. फुरास्तिएच्या तक्त्यात जे बसत नाही त्याचाही मी विचार केला आहे. पठारावरच्या कित्येक वस्त्यांना ना काओर जवळ होते ना गाळाची जमीन. त्या वठून गेल्या. त्यांतली घरे पॅरिसच्या, इंग्लंडच्या, हॉलंडच्या लोकांनी सुट्टीसाठी घेतली. उन्हाळ्यात खिडक्या उघडतात, हिवाळ्यात बंद. अशा गावाची लोकसंख्या कशी मोजायची? आणि जे शेतीत राहिले तेही सुखात आहेत असे कुठे आहे? १९७० मध्ये फ्रान्समध्ये जवळजवळ १६ लाख शेतखाती होती. २०२० च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ९० हजार राहिली. २०२३ च्या अखेरीस त्याच नैर्ऋत्य भागातून शेतकऱ्यांनी एक चळवळ सुरू केली: गावांच्या वेशीवरच्या नावाच्या पाट्या काढायच्या आणि उलट्या लावायच्या. आम्ही डोक्यावर चालतो आहोत, असा त्याचा अर्थ. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी ट्रॅक्टर आडवे घालून महामार्ग रोखले. ज्या ट्रॅक्टरला तक्त्यात प्रगती म्हणून मोजले, तो रस्त्यावर उभा राहिला. तेव्हा सेसाक म्हणजे स्वर्ग नव्हे, हे मला कळते.

पण माझ्या मनाला जास्त लागले ते दुसरेच. केर्सीतल्या म्हाताऱ्या माणसांची बोली ऑक्सितान. पॅरिसची फ्रेंच नव्हे. १८८१-८२ च्या कायद्यांनी फ्रान्सने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, ही केवढी मोठी गोष्ट! गावचा शिक्षक बहुधा पंचायतीच्या कचेरीचा कारभारही लिही, शेतकऱ्याला अर्ज करून देई. त्याच्यामुळे कितीतरी गरिबांची पोरे पुढे आली. पण त्याच शाळांतून अशी एक शिक्षा होती की जो मुलगा घरची बोली बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा जुना खडावा अडकवायचा. त्याने तो दुसऱ्या बोलणाऱ्याला पकडून त्याच्या गळ्यात घालायचा. संध्याकाळी ज्याच्याकडे तो राहील त्याला शिक्षा. म्हणजे पोरांनीच पोरांवर पाळत ठेवायची! १९५१ साली कायद्याने या भाषा ऐच्छिक म्हणून शिकवायला परवानगी दिली, पण तोवर आईबापांनीच ठरवून टाकले होते की मुलांशी फ्रेंचच बोलायचे. कोणत्या आईला वाटेल की पोराच्या गळ्यात लाकूड यावे?

मला हे वाचताना पहिल्या वर्षातला एक तास आठवला. उभे राहून उतारा वाचताना माझ्या तोंडून 'पाणी'चे 'पानी' झाले आणि बाकाबाकांवरून खसखस पिकली. शिकवणारेही गालातल्या गालात हसले. माझ्या गळ्यात कुणी लाकूड बांधले नाही, हे खरेच. पण पुढे कितीतरी दिवस मी वर्गात तोंड उघडले नाही, आणि घरी गेल्यावर आईशी बोलताना 'पाणी' म्हटले तेव्हा ती म्हणाली, "काय गं, पावण्यासारखी बोलायला लागलीस?" दुएलमधल्या एखाद्या आजीला फ्रीज मिळाला, टेलिफोन मिळाला, आणि त्या टेलिफोनवर नातवाशी तिच्या बोलीत बोलता आले नाही, असे झाले असेलच. हे नुकसान मला पिंपभर वाइनहून मोठे वाटते. आणि ते टाळता येण्यासारखे होते. वॉशिंग मशीन यायला कुणाची जीभ छाटावी लागत नाही. विजेची तार गावात येताना बोलीला बाहेर काढा, अशी अट कुणी घातली नव्हती. ती शाळेने घातली, शहराच्या हसण्याने घातली.

म्हणून माझे मत असे आहे. फुरास्तिएच्या प्रश्नाला मी आता हात वर करीन, सेसाकसाठीच करीन, पण आजीची बोली सोबत घेऊन. आणि ज्यांना मादेर हवे आहे त्यांनी ते खुशाल घ्यावे. मात्र तिथे धुणे त्यांनी धुवावे. आमच्यासारख्या मुलींना नांगर नको आहे म्हणून गावही नको आहे, असे परस्पर धरून चालू नये. आम्हांला गावात शिक्षिका व्हायचे आहे, पोस्टात बसायचे आहे, दवाखान्यात सुई टोचायची आहे, सहकारी संस्थेचे हिशेब लिहायचे आहेत. त्या १०२ मध्ये बसायचे आहे. '२०८ मध्ये राहा, नाहीतर शहर गाठा' एवढ्या दोनच वाटा दाखवणारी भाषणे आता पुरे झाली, आणि त्यांना बक्षिसे देणेही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा हे सगळे मी आईला सांगितले. ती परसात धुणे घेऊन बसली होती. फ्रान्स कुठे आहे हे तिने विचारले नाही. ट्रॅक्टरचे ऐकले, मोटारींचे ऐकले, सुपात दारू ओतून पितात हे ऐकून नाक मुरडले. मग मशीनचे सांगितले, आधी एकही नव्हते, तीस वर्षांत १८० घरांत आली. तिने पिळ्याचे पाणी झटकले आणि जरा वेळ थांबली.

"मग त्या बाया दिसभर करत्यात काय?"

"काही घरचंच बघतात. काही कामाला जातात."

"शेतात?"

"नाही गं. दुकानात, शाळेत, कचेरीत."

"म्हंजी शेराला ऱ्हायला गेल्या."

"नाही. गावातच राहतात. सांजच्याला घरी."

"गावातच?" आई म्हणाली. आणि हातातले लुगडे तसेच ठेवून दादांना हाक मारली, "ऐकलं का, ही काय सांगतीया ते."